कबरीवर वाकणारा झेंडा

रेझीबाईंना माणसाआधी वास ओळखू येई. हॉलचं जड दार ढकलून त्या उंबऱ्याशीच थांबत आणि डोळे अर्धवट मिटून हवा चाखल्यासारखी आत घेत. त्या हॉलला स्वतःचा असा एक गंध होता: लाकडी फरशीचं जुनं मेण, आंबवलेल्या कोबीची खारट झाक, वर्षानुवर्षं सांडून फळ्यांत मुरलेली बिअर आणि हिवाळी कोटांची ओलसर लोकर. त्यात कुठे काही उणं-अधिक झालं की त्यांची मान किंचित डावीकडे वळे. आमच्या मराठी मंडळाचा गणपती त्या हॉलमध्ये बसून उठला, त्यानंतर कितीतरी दिवसांनी त्या अशाच थांबल्या आणि म्हणाल्या, "इथे कुणीतरी काहीतरी गोड जाळलं आहे." तो आरतीचा कापूर होता.

ॲन आर्बरहून डेट्रॉइटच्या दिशेला निघालं की मोठा रस्ता सोडून आत, मक्याच्या शेतांना लागून तो हॉल आहे. आम्ही त्याला 'जर्मन क्लब' म्हणत असू आणि रेझीबाईंना, अर्थात त्यांच्या पाठीमागे, 'जर्मन काकू'. दोन्ही नावं त्यांच्या दृष्टीने चूकच होती. त्यांचे पूर्वज दोनेक शतकांपूर्वी जर्मनी सोडून, होड्यांत बसून, डॅन्यूब नदीच्या प्रवाहाबरोबर पूर्वेकडच्या दलदलीत शेती करायला गेले. ती गावं पुढे युगोस्लाव्हियात आली आणि दुसरं महायुद्ध संपताच तिथून या लोकांना हाकलून देण्यात आलं. सर्ब त्यांना जर्मन म्हणाले, जर्मनीत गेल्यावर तिथले परके म्हणाले, आणि अमेरिकेच्या शाळेत मुलांनी नाझी म्हणून चिडवलं. "आम्ही कुठलेच नाही," रेझीबाई सांगत, "म्हणून तर हॉल बांधावा लागला."

ऑक्टोबरात कुणी फोन करून चामड्याच्या चड्ड्या आणि मोठाले बिअरचे पेले मिळतील का असं विचारलं, तर त्या शांतपणे "ते बव्हेरियाचं, आमचं नाही" म्हणत आणि फोन ठेवून देत.

माझी त्यांची ओळख एका डागामुळे झाली. हॉलच्या स्वयंपाकघरात पांढुरक्या लाकडाचं एक लांबलचक टेबल होतं. गणपतीच्या जेवणाच्या वेळी आमच्यापैकी कुणाच्या तरी हातून त्यावर हळदीचं पातेलं कलंडलं. दुसऱ्या दिवशी रेझीबाईंनी तो पिवळा डाग साबणाने घासला आणि तो पाहता पाहता रक्तासारखा लाल झाला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आपल्याकडे लहान मुलीलाही ठाऊक असतं; त्यांना वाटलं, आम्ही त्यांच्या टेबलावर काही कापलं. मंडळाच्या सेक्रेटरीला फोन गेला. तो म्हणाला, "यार, टेबल आहे, क्लीन होईल. कुणीतरी जाऊन त्या काकूंना जरा शांत करा." कुणीतरी म्हणजे मी.

मी गेले तेव्हा त्या टेबलाशी हात बांधून उभ्या होत्या. ठेंगणी, रुंद बांध्याची मूर्ती, डोक्याभोवती गुंडाळून चापांनी अडकवलेली पांढरी वेणी, खळ दिलेला निळा एप्रन. मी म्हटलं, याला साबण नको, ऊन लागतं. त्यांचा विश्वास बसला नाही, तरी टेबलाचं दुसरं टोक त्यांनी उचललं. आम्ही ते बाहेर गवतावर ठेवलं आणि पायऱ्यांवर बसून राहिलो. सप्टेंबरचं ऊन होतं, मधासारखं, तिरपं. संध्याकाळपर्यंत डाग इतका फिका झाला, की बोट ठेवून दाखवावा लागावा. रेझीबाईंनी बोट ठेवून दाखवलाच. मग म्हणाल्या, "गुरुवारी सकाळी ये. बांगड्या घालून येऊ नकोस."

गुरुवारी त्या टेबलावर श्ट्रूडल होई. सफरचंदाचं सारण भरून गुंडाळायचा हा पदार्थ पाहिला अनेकांनी असेल. त्याचं पीठ ताणताना मात्र पाहावं. मळून निवांत ठेवलेला कोमट गोळा टेबलभर अंथरलेल्या चादरीच्या मध्यावर ठेवतात. बायका चारी बाजूंनी उभ्या राहतात, हात पालथे करून त्याच्याखाली सरकवतात आणि बोटांच्या मागच्या पेरांवर पीठ तोलत आपापल्याकडे ओढू लागतात. ओढतात म्हणणंही ढोबळ होईल. झोपलेल्या बाळाच्या अंगाखालून दुपटं काढावं, तसं ते काम. गोळा पसरत जातो, दुधाळ होतो, मग कांद्याच्या पापुद्र्यासारखा, आणि शेवटी त्याच्याखालची चादरीवरची फुलं दिसू लागतात. त्या वेळी खोलीत श्वासही जपून घेतला जाई. फक्त रेझीबाईंचा आवाज येत राही: "लांगसाम, लांगसाम." हळू, हळू.

मोदकाच्या वेळी आमच्या बायकांनी काढलेली नाजूक पारी मी त्यांना एकदा कौतुकाने दाखवली होती. त्यांनी ती दोन बोटांत धरून उजेडात पाहिली आणि निकाल दिला, "जाड आहे." हा त्यांचा आवडता शब्द होता. नव्या पाद्र्याचं प्रवचन जाड होतं. न येणाऱ्या सभासदांच्या सबबी जाड होत्या. क्लबचा अध्यक्ष सेप, मोटारींच्या कारखान्यात हयात घालवलेला उंच, वाकलेला म्हातारा, त्याचे विनोद तर फारच जाड होते. सेप नेमाने तेच विनोद सांगे आणि रेझीबाई नेमाने तोच शेरा देत.

टेबलाशी बोलायची भाषा ठरलेली होती: त्यांच्या गावाची बोली. तेवढी अट घालून त्या कुणालाही पीठ ताणायला उभं करत. टेबलाभोवती बहुतेक सुनाच असत, एक कोरियन, एक मेक्सिकन, आणि कुणाची कुणीही नसलेली मी. आम्हाला त्या बोलीतले पिठापुरते शब्द येत: धर, सोड, फाटलं, पुरे. खरं बोलणं चाले ते रेझीबाई आणि त्यांची चुलत बहीण लेनी या दोघींचं. त्या बोलू लागल्या की मला अर्थ कळत नसे, पण लय कळे. एकीचं वाक्य संपायच्या आत दुसरी ते उचले आणि शेवटाला नेई, जणू वाक्यसुद्धा दोन बाजूंनी धरूनच ताणायचं असतं. जगाच्या पाठीवर त्या एका गावाची बोली त्या दोघींच्या तोंडीच उरली होती. गावाचं नावसुद्धा आता नकाशावर दुसरं आहे.

ताणलेल्या पिठाच्या कडा जाड राहतात. त्या कापून टाकतात. रेझीबाई टाकत नसत. वाळवून, बरणीत भरून, सूपमध्ये घालत. मला ती काटकसर वाटे. एका जूनमध्ये तिच्यामागचं कारण कळलं. पार्किंगच्या सिमेंटच्या फटींतून लालसर देठांची, मांसल पानांची घोळ उगवली होती. इतक्या दूर, इतक्या वर्षांनी ती भाजी पाहून मी उकिडवी बसून खुडायलाच लागले आणि सांगू लागले, की माझी आई ही डाळ घालून करायची, लसणाची फोडणी द्यायची. रेझीबाई माझ्या मूठभर पानांकडे पाहत राहिल्या.

"तुम्ही हे मुद्दाम खाता?"

मग त्या बुटाच्या टोकाने एकेक तण दाखवत चालल्या. ही कडू असते. ही उकडली तर चालते. हिने माझ्या भावाचं पोट फुगलं आणि तो त्यातच गेला. युद्ध संपल्यावर गावातल्या म्हाताऱ्या, बाया आणि पोरं एका छावणीत कोंडली होती. तिथे कुंपणापाशी जे उगवे ते लेनी आणि त्या खात. हे सगळं त्यांनी भाजीवाल्या बाईच्या सुरात सांगितलं आणि कचऱ्याच्या डब्याचं झाकण नीट लागलं आहे का ते पाहायला निघून गेल्या. त्या संध्याकाळी मी घोळ शिजवली खरी, पण एका घासानंतर ताट बाजूला सारलं.

लेनी नोव्हेंबरात गेली.

त्या क्लबची एक रीत आहे. सभासदाची शवपेटी कबरीत उतरवली की माती लोटण्याआधी क्लबचा झेंडा तिच्यावर वाकवतात. गडद हिरवी मखमल, तिच्यावर रेशमाने भरलेला त्यांच्या एका चर्चचा मनोरा, खाली सोनेरी झालर. काठी माणसापेक्षा पुष्कळ उंच आणि टोकाला पितळी भाला. झेंडा धरणारा कमरेच्या चामडी पट्ट्यात काठी रोवून उभा राहतो आणि झालर खड्ड्यात उतरेपर्यंत ती तीनदा खाली नेतो. तीनदाच का, यावर सेप आणि रेझीबाई यांचं कधी एकमत झालं नाही. पण झेंडा सभासदानेच धरायचा आणि सभासद त्या गावांच्या रक्ताचाच असायचा, यावर दोघांचं दुमत नव्हतं. मुलं-नातवंडं त्या रक्ताची होती. ती कुणी सिएटलला होती, कुणी फ्लोरिडात. रेझीबाईंचा मुलगा पीटर टेक्ससमध्ये अर्विंगला कॉम्प्युटरच्या कामावर होता आणि रविवारी स्क्रीनवर दिसे.

तेव्हा लेनीवर झेंडा वाकवायला उरला सेप. त्याचे गुडघे कामातून गेलेले. वारा असा, की डोळ्यांतून पाणी यावं. पहिली वेळ त्याने निभावली. दुसऱ्या वेळी काठी हातातून निसटली आणि पितळी टोक थेट पेटीच्या झाकणावर जाऊन आपटलं. त्या थंड, मोकळ्या माळावर तो आवाज फार मोठा झाला. सेप तिथेच रडवेला झाला. रेझीबाई पुढे गेल्या, त्याच्या हातांवर आपले हात ठेवले, आणि तिसऱ्यांदा तो झेंडा दोघांनी मिळून खाली नेला.

परतताना त्या माझ्या गाडीत होत्या. मध्येच म्हणाल्या, "लेनीला वाटलं असेल, कुणीतरी दार वाजवतंय." आणि हसल्या. हसू विरण्याआधीच खिडकीकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "माझ्या वेळी कोण?"

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांच्या बोलण्यातून दुसरा विषय जणू वजाच झाला. हॉलच्या छपराचं काय, स्वयंपाकघराचं काय, याची काळजी सेपला होती. रेझीबाईंना एकाच गोष्टीची धास्ती होती: आपल्याला झेंड्याशिवाय पुरतील. भूक, छावणी, बोटीचा प्रवास यांतून जी बाई हूं की चूं न करता गेली, ती या विचाराने रात्र रात्र जागी राही, असं सेपने मला सांगितलं.

वसंतात सभा झाली. बाहेरच्या पण क्लबात राबणाऱ्या माणसांना सभासद करून घ्यावं, हा प्रस्ताव सेप दरवर्षी मांडे आणि रेझीबाई दरवर्षी हाणून पाडत. पीठ कुणीही ताणावं, नाव कुणीही घेऊ नये. या नावापायी माणसं मेली आहेत, ते हाताच्या मेहनतान्यात वाटता येत नाही, हे त्यांचं म्हणणं मी स्वयंपाकघरातून अनेकदा ऐकलं होतं. पडदा ओढलेल्या खिडकीमागून आपल्याविषयी ऐकावं तसं ते मला लागे, आणि तरी खोटं वाटत नसे. या वेळी सेपचं बोलणं संपल्यावर त्या उभ्या राहिल्या.

"मी विरोधात होते," त्या म्हणाल्या. "माझं मत अजून तेच आहे. पण मी हो म्हणते."

सेपने कारण विचारलं.

"मला नुसतं पाद्र्याच्या हवाली होऊन पडायचं नाही. त्याचं प्रवचन तुला माहीत आहे."

"जाड," सेप म्हणाला, आणि सगळे हसले. रेझीबाई हसल्या नाहीत. आम्हा तिघीचौघींची नावं पुकारली गेली. टाळ्या वाजल्या. त्या मात्र टेबलावरच्या चादरीची सुरकुती तळहाताने सारखी करत राहिल्या.

पुढच्या गुरुवारी मी स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं, तेव्हा पीठ टेबलावर होतं, बायका उभ्या होत्या आणि रेझीबाई आम्हाला इंग्रजीत सूचना देत होत्या. "स्लो," त्या म्हणाल्या, "स्लो." त्या टेबलाशी मी त्यांच्या तोंडून इंग्रजी प्रथमच ऐकत होते. मी धिटाईने म्हटलं, लांगसाम. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. चोरी झालेल्या घरात उरलेली भांडी पुन्हा मांडून ठेवणाऱ्या बाईची ती नजर होती. "ते लेनीबरोबर गेलं," त्या म्हणाल्या, आणि पीठ आपल्याकडे ओढलं. मला सभासद करून घेताना त्यांनी काय मोडीत काढलं, ते मला त्या सकाळी कळलं, आणि ते परत करण्याचा मार्ग मला सापडला नाही.

घरी माझी लेक विद्यापीठातून सुट्टीला आली होती. रेझीबाईंच्या वेळी झेंडा मी धरायचा असं ठरलं होतं; ते ऐकून तिने चमचा खाली ठेवला. "आई, डू यू इव्हन नो व्हॉट दोज पीपल डिड?" हाच प्रश्न, पुष्कळ घासूनपुसून, मी रेझीबाईंना विचारला. त्या सफरचंदं सोलत होत्या. सालीची लांब लाल फीत सुरीखालून उतरत होती. आपला बाप युद्धावर कुठल्या गणवेशात गेला हे आपल्याला माहीत आहे, असं त्यांनी सांगितलं. त्याने काय केलं ते माहीत नाही, आणि चांगलं केलं असेल असं वाटत नाही. लेनी हॉलच्या भिंतीवरचे गावाचे फोटो पुसायची तेव्हा त्याचा फोटोही पुसायची. आपण कधी पुसला नाही, उतरवलाही नाही. सुरी थांबली. "तुझ्या मुलीला सांग, तिने विचारलं ते बरोबर आहे. आणि तुला नको असेल तर धरू नकोस."

मी धरायचं ठरवलं.

सप्टेंबरात त्यांनी मला पार्किंगमध्ये बोलावलं. उकाडा असूनही त्या काळा कोट घालून, वेणीला नवे चाप लावून आल्या होत्या. पट्टा त्यांनीच माझ्या कमरेला आवळला. काठी उभी राहिली तेव्हा तिच्या भाराने माझे खांदे मागे गेले. मखमलीतून डांबरगोळ्यांचा आणि जुन्या धुराचा वास आला. रेझीबाई काही पावलं पुढे जाऊन, गाडीच्या एका रिकाम्या जागेत, दोन पांढऱ्या रेघांच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"इथे मी आहे असं समज."

"तुम्ही इथेच आहात."

"मग सोपं आहे."

मी काठी वाकवली. "झाडू मारतेस का?" त्या म्हणाल्या. मी पुन्हा वाकवली. वाऱ्याने कापड एका बाजूला फडफडलं. त्यांनी मला पाय कुठे रोवायचा ते दाखवलं, श्वास कधी सोडायचा ते दाखवलं. रस्त्यावरून जाणारी एक गाडी आमच्यासाठी हळू झाली आणि पुढे गेली. कितव्यांदा तरी झेंडा खाली आला तो जसा यावा तसा, एका लांब निःश्वासासारखा, आणि झालर त्यांच्या केसांवर, कपाळावर, मिटलेल्या पापण्यांवर टेकली. त्या हलल्या नाहीत. माझ्या दंडांना कळ लागली तरी मी तो तसाच धरून ठेवला. शेवटी मखमलीखालून आवाज आला, "बरं." त्या बाईने कशालाही 'बरं' म्हटलेलं मी दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

जानेवारीत हॉलच्याच पायऱ्यांवर, बर्फावरून पाय घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. पीटर आला. तो चांगला मुलगा आहे. घाईचा, हळवा, सतत फोन तपासणारा. आईला एकटी ठेवता येणार नाही, असं तो म्हणाला, आणि त्यात काही खोटं नव्हतं. अर्विंगहून त्यांचा मला एकदाच फोन आला. इथे सगळीकडे तुझीच माणसं आहेत, दुकानात गेलं की जिऱ्याचा वास येतो, असं म्हणाल्या. हवा कशी आहे विचारलं, तर म्हणाल्या, "जाड."

उन्हाळ्यात पीटरचा फोन आला तेव्हा सगळं आटोपून आठवडा झाला होता. छोटासाच कार्यक्रम केला, त्याच्या ऑफिसातली माणसंही आली, सगळ्यांनी आईबद्दल फार छान सांगितलं. मी विचारलं, तुम्हाला झेंड्याचं काही बोलल्या नव्हत्या का? आम्ही आलो असतो. विमानात काठी कशी न्यायची ते सेपने शोधूनही ठेवलं होतं.

पलीकडून पीटरने विचारलं, "कुठला झेंडा?"

त्याला त्यांनी का सांगितलं नाही, याचा मी तेव्हापासून विचार करते आहे. त्याला ओझं होईल म्हणून असेल, किंवा त्याने नको म्हटलं तर ते ऐकावं लागू नये म्हणून. पण आपल्यावर झेंडा वाकणार नाही, हे त्या निघाल्या त्या दिवशीच त्यांना ठाऊक असावं.

फेब्रुवारीतली ती सकाळ करडी, कोंदट होती. पीटरने भाड्याची गाडी हॉलपाशी आणली, आईला निरोप घेता यावा म्हणून. रेझीबाई उतरल्या नाहीत. उतरवणं कठीण होतं. सेप आणि मी गाडीशी उभे होतो. त्यांनी काच खाली घेतली, हॉलकडे न पाहता माझी बाही धरली आणि जवळ ओढलं. स्वतःच्या झेंड्याविषयी त्या काही बोलतील म्हणून मी वाकले.

"सेपचं नीट कर," त्या म्हणाल्या. "तो उंच आहे, खड्डा लांब असेल. दोन पावलं मागे उभी राहा, म्हणजे काठी आपटणार नाही."

"मी इथेच उभा आहे, रेझी," सेप म्हणाला.

"म्हणूनच आत्ता सांगतेय," त्या म्हणाल्या, आणि पुढे त्याच्याशी त्यांच्या बोलीत काहीतरी लांबलचक बोलू लागल्या. सेपचं गाव वेगळं, त्याला ते सगळं समजत नसावं. तरी तो टोपी काढून, थंडीत उघड्या डोक्याने, मान डोलावत राहिला. त्या बोलत असतानाच पीटरने गाडी सुरू केली आणि काच वर चढली. काचेपलीकडे त्यांचे ओठ हलत होते.